निरोपाच्या विड्याची आणि मालवाहू विमानाची बखर

श्री. वारा ज्याचा पिता आणि आकाश ज्याचें अंगण, त्या मारुतरायास नमन करोन लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासीं जें वर्तलें तें ऐसें जे, डोंगरमाथ्यावरील सपाटीस एक लहान दौलत होती. धनी रंगराव सरकार, दिवाण त्रिंबकपंत, फौज म्हणावी तर हमाल आणि यंत्रकारी, आणि किल्ला म्हणावा तर एक पत्र्याची कोठी आणि तीपुढें आखूड धावपट्टी. पट्टी संपली कीं कडा, आणि कडा संपला कीं देवाची मर्जी. दौलतीचा उद्योग माल विमानांत घालोन समुद्रांतील बेटांवर पोंहचविण्याचा. माल म्हणजे काय, तर कोंबडीचीं पिल्लें. पायथ्याशीं सगुणाबाई पिसाळ यांचें उबवणी केंद्र, तेथें आज फुटलेलें पिल्लूं उद्यां बेटावर जावें लागे, कारण अंड्यांतून आणिलेली शिदोरी त्याच्या पोटांत थोडकीच असते.

आणि दौलतीचें विमान एकच, तेंही वृद्ध. आकाशखात्यानें हुकूम पाठविला जे, माघ अमावास्येपुढें हें उडवूं नये. मग सगुणाबाईंस निरोप गेला कीं अंडीं यंत्रांत घालूं नका, तों बाई स्वतां गड चढोन आल्या आणि म्हणाल्या, "धनी, अंडी एकादशीलाच बसली मशिनीत. एकवीस दिसांनी फुटणार. तुमच्या दरबाराचा मुहूर्त अंड्याला ठावं न्हाई. बेटावरल्या बायांनी खुराडी बांधून ठिवल्यात माझ्या शब्दावर. औंदा पिल्लं मेली तर म्या केंद्राला कुलूप घालीन."

रंगराव सरकार उठोन उभे राहिले आणि बोलिले, "बाई, एक पिल्लूं मरूं देणार नाहीं, हा आमचा शब्द." शब्द देणें ही त्यांची खोडच होती. तो निभावण्याचें काम बहुधा दुसऱ्याकडे जाई.

मग व्यापाऱ्यांचे वकील पाचारिले आणि तीन विमानें पाहण्यांत आलीं. पहिलें थोर, चार खोल्यांचें घर गिळील ऐसें. त्याविषयीं हवाई सरलष्कर कप्तान मालिनीबाई खर्डेकर यांस पुसिलें, त्यांनीं पट्टीकडे पाहिलें, कड्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "उतरेल. पण परत उठायचं नाही." तें राहिलें. दुसरें सडपातळ, नाकाड, वेगास बाण आणि वजन उचलण्यास पहिलवान. तिसरें ढेरपोटें, मंद, मागील बाजूस कोठीच्या दरवाज्याएवढें दार. पाहतांच दिवाणजी हांसले आणि म्हणाले, "ही तर म्हैस!" त्या म्हशीचा वकील नौशेरजी नामें एक सभ्य पारशी गृहस्थ होता. त्यानें हें ऐकोनही मान लवविली.

मालिनीबाई म्हणाल्या, "सरकार, आधी दार मोजा. आपला माल हलका आहे, पण जागा फार खातो."

त्रिंबकपंत म्हणाले, "बाई, दारावरून कोणी घर घेतें काय? मोजणें तें आपल्या रीतीनें मोजूं."

ती रीत ऐसी. थोरले धनी, रंगरावांचे तीर्थरूप, यांनीं दौलत मालमोटारींवर उभी केली, आणि वाहिला तो गूळ आणि सिमेंट. त्यांचा दंडक जे, गाडी घेणें तर पूर्ण भाराचीं वाळूचीं पोतीं भरावीं, अखेरच्या पोत्यावर धन्यांनीं स्वतां पगडी घालोन बैसावें, आणि एक फेरा करावा. गाडी कुंथली नाहीं तर घ्यावी. या दंडकानें एकही मालमोटार फसली नव्हती, म्हणोन त्यावर कोणी बोलेना. आणि सर्वांच्या हें ध्यानांतून गेलें जे, मोटारीस वरून आभाळ मोकळें असतें.

मग मुहूर्त पाहोन त्या सडपातळ बाणांत पोतीं भरिलीं, आणि रंगराव सरकार मालाच्या दारांतून आंत शिरले, तों पगडी चौकटीस लागोन खालीं पडली. मंडळींस अपशकुन वाटला. चौकटीवर मोजपट्टी धरावी ऐसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मग त्रिंबकपंत पुढें होवोन म्हणाले, "पगडी आंतल्या अंगास पडली. लक्ष्मी आंत आली!" मंडळींनीं वाहवा केली, विमान उडालें, फेरा घेवोन उतरलें, कुंथलें नाहीं, आणि धन्यांनीं तेथेंच शिक्का केला. मालिनीबाईंनीं कांहीं बोलण्यास तोंड उघडिलें, तों त्यांत पेढा आला.

आतां दरबाराची दुसरी रीत सांगणें प्राप्त आहे. परदरबारचा वकील धन्यांच्या हातचा निरोपाचा विडा घेतल्यावांचून जात नसे. थोर विमानाच्या वकिलास विडा दिला, तो गेला. नौशेरजीस द्यावयाचा तों उत्सवाच्या गडबडींत राहोन गेला. नौशेरजी रीतीचा माणूस. तो म्हशीसह पट्टीच्या कडेस राहिला, सरकारी शिधा जेवला, आणि रोज सकाळीं न्हावोन, डगला घालोन, विड्याची वाट पाहत बैसला. विचारावें तर दरबाराची चूक दाखविल्यासारखें होईल, म्हणोन त्यानें विचारिलें नाहीं. आणि दरबारांतील मंडळींस वाटलें, हा कोणाचा तरी पाहुणा असेल.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेस अंडीं फुटलीं. सगुणाबाई पिल्लांच्या पेट्या घेवोन गडावर आल्या. पेट्या रुंद आणि कागदी, बाजूंस वाऱ्याचीं भोंकें. हमालांनीं पहिली पेटी उचलोन बाणाच्या दारीं नेली, ती अडली. फिरवोन पाहिली, तरी अडली. मग त्रिंबकपंत म्हणाले, "तिरपी करा." तिरपी केली, तों आंतील पिल्लें घरंगळोन एका कोपऱ्यांत ढीग होवोन पडलीं, आणि सगुणाबाई ओरडल्या, "आरं ठेवा, ठेवा खाली! एकमेकांखाली चेंगरून मरतील! माझी पिल्लं म्हंजी वाळू न्हाई, दिवाणजी!"

हमालांनीं पेटी खालीं ठेविली. वृद्ध विमान कोठींत कुलुपांत होतें. ऊन वाढत होतें आणि पेट्यांतून एकसारखा चिवचिवाट चालिला होता. रंगराव सरकार चौकटीपुढें उभे राहिले, त्यांनीं हात डोक्यावर नेला, पगडी चांचपिली, आणि हळू बोलिले, "पंत, पगडीनें तेव्हांच सांगितलें होतें." धन्यांचें तोंड इतकें उतरलेलें कोणीं कधीं पाहिलें नव्हतें. बाईंच्या डोळ्यांस डोळा देववेना.

तेव्हां मालिनीबाईंनीं पट्टीच्या कडेस बोट दाखविलें. म्हैस उभी होती, आणि तिच्या छायेंत नौशेरजी डगला घालोन बैसला होता.

धनी स्वतां चालत गेले. नौशेरजी उठोन म्हणाला, "महाराज, विडा आणलात? मोठी कृपा. आता मी निघतो."

धनी बोलिले, "विडा नको, विमान द्या."

"पण हे तर आपणच नापसंत केलंत. मंद आहे, म्हैस आहे, असं दिवाणसाहेब म्हणाले."

मागें अवघा दरबार उभा होता. रंगराव सरकारांनीं पगडी काढोन काखेंत धरिली आणि मोठ्यानें बोलिले, "आम्हीं चुकलों. मालिनीबाई बरोबर होत्या."

ऐसें वाक्य त्या दौलतींत प्रथमच ऐकिलें गेलें. मग म्हशीचें मागील दार उघडिलें, आणि पेट्या जशाच्या तशा, सपाट, मध्यें वाऱ्याची वाट ठेवोन, आंत गेल्या. अखेर एक पेटी उरली, तीस बांधावयास पट्टा नव्हता. ती धन्यांनीं मांडीवर घेतली आणि हमालाच्या बाकावर बैसले. मालिनीबाईंनीं म्हैस पट्टीवर घेतली, कडा आला, देवाची मर्जी बरी होती, आणि ती संथपणें समुद्राकडे चालती जाहली. सगुणाबाई पदर तोंडास लावोन ती दिसेनाशी होईतों उभ्या होत्या.

सायंकाळीं बेटावरून वर्तमान आलें जे, पिल्लें खुराड्यांत पोंहचलीं, दाणे टिपतात, आणि धन्यांच्या धोतरावर जें जाहलें तें लिहिण्याजोगें नाहीं.

येणेंप्रमाणें विमान निवडण्याचें प्रकरण समाप्त जाहलें. बाण परत गेला, म्हैस राहिली, आणि वाळूचीं पोतीं धावपट्टीच्या खळग्यांत घातलीं. पुढें दंडक ऐसा जे, परीक्षेस मालाचीच पेटी न्यावी, आणि पहिला शब्द विमान हांकणाराचा ऐकावा. म्हशीच्या यंत्राची दुरुस्ती जाणणारा दुसरा कोणी नसल्यामुळें नौशेरजी आजही गडावरच आहे. पानदान रोज भरोन ठेवितात. त्यास विडा द्यावा, ऐसें धन्यांच्या मनांत अद्याप आलेलें नाहीं, आणि तोही मागत नाहीं.