नेपच्यूनची मूठ

शाळेच्या वरच्या मजल्यावरची बंद खोली मिळाली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब भूगोलाच्या मास्तरांनी आधीच करून ठेवला होता. पूर्वेची खिडकी, कुलपाचं कपाट, दारावर ‘ग्रहदालन’ अशी पाटी आणि खेळाच्या सरांचा पडलेला चेहरा. खरं सांगायचं तर शेवटची बाब पक्की झाली असती, तर मास्तर पहिल्या तिन्हींवर पाणी सोडायला तयार झाले असते. खेळाच्या सरांना त्याच खोलीत कसरतीच्या गाद्या ठेवायच्या होत्या ना!

निकाल संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात होता. ते ठीक दहाला येणार, मास्तर त्यांना सूर्यमाला दाखवणार आणि जाताना खोली कुणाची ते अध्यक्ष सांगून जाणार.

मुख्याध्यापिका बाईंनी तक्ता लावायला सुचवलं. मास्तरांना तक्त्याचाच राग होता. तक्त्यावर आठही ग्रह सूर्याला खेटून उभे असतात, लग्नाच्या फोटोत घुसलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखे. आपण खरं माप दाखवणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. सूर्य म्हणजे फुटबॉल धरला, तर बुध नऊ पावलांवरचा खसखशीचा दाणा. सतराव्या पावलावर शुक्र, चोविसाव्यावर पृथ्वी, दोघंही मोहरीएवढे. छत्तिसाव्यावर मंगळ, पुन्हा खसखस. इथवर पटांगण पुरलं. गुरू म्हणजे मोठी गोटी, तो फाटकाशी गेला. शनी म्हणजे कागदी कडं घातलेली गोटी, तो रस्त्यावरच्या शिंप्याच्या दुकानात. युरेनस आणि नेपच्यून हे वाटाणे. त्यातला पहिला बँकेच्या दारात आणि दुसरा पार बसथांब्याशी, सातशे दहाव्या पावलावर.

एवढे ग्रह धरायला माणसं हवीत. बुध, शुक्र आणि मंगळ तीन शिक्षकांच्या गळ्यात पडले. पृथ्वी बायकोकडे. गुरू शिपायाकडे, शनी शिंप्याकडेच. युरेनसला मेहुणा आणि नेपच्यूनला सासरे.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली आणि बुध एका शिंकेत उडाला. शुक्र बघता बघता कुणाच्या तरी चपलेखाली गेला. म्हणून मास्तरांनी कडक नियम केला : मुठी बंद ठेवायच्या, मी स्वतः सांगेपर्यंत उघडायच्या नाहीत, जागचं हलायचं नाही.

सासऱ्यांनी हा नियम दोनदा म्हणवून घेतला. ते गिरणीच्या कोठीवर बत्तीस वर्षं होते, आणि सहीच्या चिठ्ठीशिवाय त्यांनी मालकाच्या मुलालासुद्धा खिळा दिला नव्हता.

दहा वाजले. मास्तर सूर्यापाशी उभे राहिले. सूर्य खेळाच्या सरांकडून उसना आणलेला होता, तोही अकरापर्यंतच, कारण अकराला त्यांचा सामना होता. सवादहा झाले, अध्यक्ष नाहीत. साडेदहा झाले तरी फाटकाशी गाडीचा पत्ता नाही. खेळाचे सर गळ्यातली शिट्टी बोटावर फिरवत सूर्याभोवती चकरा मारू लागले. इतक्या जवळून फिरणारा ग्रह मास्तरांच्या गणितात नव्हता.

“घामानं पृथ्वी तळहाताला चिकटली हो,” बायको म्हणाली. “आणि तुमचे साहेब गाडीनं यायचेत कशावरून? चालत येत असले तर?”

अध्यक्षांचं घर बसथांब्याच्या पलीकडे होतं. चालत आले तर ते सूर्यापासून नव्हे, उलट्या टोकाकडून सूर्यमालेत शिरणार!

सूर्य तिथंच सोडून मास्तर धावत सुटले. फाटकाशी गुरू मूठ वळून ताठ उभा होता. शनी शिलाई यंत्रावर एका हाताने बाही शिवत होता, दुसरी मूठ मांडीवर. बँकेच्या दारात मात्र युरेनसची जागा रिकामी. मेहुणा आत स्टुलावर बसला होता, आणि शेजारी बँकेचा रखवालदार.

रखवालदाराचं म्हणणं सरळ होतं. एक माणूस तासभर बँकेच्या दारात हालचाल न करता उभा राहतो, मुठीत काय आहे विचारलं तर युरेनस म्हणतो, आणि दाखव म्हटलं तर दाखवत नाही. मास्तरांनी सांगितल्यावर मेहुण्याने मूठ उघडली. वाटाणा रखवालदाराने नीट निरखून पाहिला.

“तुमच्यातलाच एक म्हातारा पुढं थांब्यावर आहे,” तो म्हणाला. “त्याला एका साहेबांनी धरलंय.”

उरलेली अडीचशे पावलं मास्तरांनी कशी काढली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. थांब्याशी वीसपंचवीस माणसांचं कडं जमलं होतं. मधे लालबुंद झालेले अध्यक्ष, आणि समोर छातीशी मूठ धरून सासरे. गाडी दुरुस्तीला गेली म्हणून अध्यक्ष चालत निघाले होते. मोकळ्या बसमागून बस सोडणारा म्हातारा पाहून त्यांनी सहज विचारलं आणि तिथंच अडकले. मूठ पाहिल्याशिवाय हलायचं नाही, हा आता त्यांच्याही अब्रूचा प्रश्न झाला होता.

“अहो, ज्या शाळेचं काम आहे म्हणता, तिचा मी अध्यक्ष आहे,” ते म्हणत होते.

“असाल,” सासरे म्हणाले. “चिठ्ठी आहे?”

मास्तरांना ब्रह्मांड आठवलं. “बाबा, उघडा आता.”

सासऱ्यांनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं आणि मग मूठ उघडली. भिजलेला, सुरकुतलेला वाटाणा.

“साहेब, हा नेपच्यून,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “सूर्य तिकडे आहे.”

पण सूर्य तिकडे नव्हता. सासऱ्यांसकट तिघे पटांगणात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि सूर्य दोन्ही बाजूंच्या लाथा खात मंगळाच्या डोक्यावरून चालला होता. अध्यक्षांनी तो पाहिला, मास्तरांना पाहिलं, आणि तडक कार्यालयात गेले. मास्तरांनी मनातल्या मनात खिडकी, कपाट आणि पाटी गाद्यांखाली घातली.

पंधरा मिनिटांनी अध्यक्ष बाहेर आले. खोली ग्रहांना दिली, म्हणाले. खेळाच्या सरांचा चेहरा असा पडला, की मास्तरांना तो कपाटात ठेवावासा वाटला.

“फक्त किल्ली मी माझ्या पसंतीच्या माणसाकडे देतोय. असा इमानी माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही.” आणि सासऱ्यांच्या हातात किल्ली ठेवून ते म्हणाले, “मी स्वतः सांगितल्याशिवाय कुणालाही उघडायचं नाही.”

सासऱ्यांनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

त्याला आता महिना होईल. मेहुण्याचा तास बँकेत फुकट गेला, बायकोच्या तळहातावर पृथ्वीएवढा खळगा पडला, खेळाच्या सरांच्या गाद्या अजून व्हरांड्यात आहेत. मास्तरांना पाटी मिळाली, तीही लागली. ते रोज मधल्या सुट्टीत तिच्याखाली उभे राहतात.

“बाबा, जावई आहे मी तुमचा.”

“असाल, जावईबापू,” सासरे छातीशी मूठ धरून म्हणतात. “चिठ्ठी आहे?”