अण्णांचा कावळा

अण्णांच्या वर्षश्राद्धाचं पान कावळ्याला ठेवायचं होतं आणि धनंजयच्या दुबईलगतच्या अल नहदातल्या बाल्कनीत कबुतरांखेरीज कोणी फिरकत नसे. शेवटी तो डबा घेऊन दुबईला कामावर आला. तो नोकरी करत होता त्या गोल्फ क्लबात कावळ्यांचा सुळसुळाट होता. ते मेंबरांचे चेंडू पळवत आणि बोलणी धनंजय खाई. ‘पक्ष्यांना खायला घालू नये’ ही पाटीही त्यानेच लावली होती.

भर दुपारी, मैदान रिकामं बघून, त्याने तळ्याकाठी भात आणि वडा मांडला. फलटणहून आई व्हिडिओ कॉलवर होती. कावळा शिवेपर्यंत ती जेवणार नव्हती आणि तिला शुगर होती.

आधी साळुंक्या आल्या. त्यांना हाकलतोय तोवर तळ्यातली बदकं अंगावर चालून आली. मग मोर आला.

“आई, मोर चालेल का गं?”

“कावळाच लागतो रे.”

कावळा समोरच्या खजुरावर बसून सगळं निवांत बघत होता. एरवी न बोलावता येणारा हा प्राणी आज आमंत्रण देऊनही हलेना.

“त्यांचं काहीतरी राहिलंय. कबूल कर,” आई म्हणाली.

“अण्णा, घरावर स्लॅब टाकतो.”

कावळा ढिम्म.

“विलासदादाशी पुन्हा बोलायला लागतो.”

कावळ्याने पाठ फिरवली.

“अरे, ते नाही. ‘ती नोकरी सोड आणि घरी ये’ म्हणून शेवटपर्यंत धोशा लावला होता त्यांनी. ते बोल.”

“ते सोडून काहीही सांग, आई. पोरांची शाळा आहे इथे.”

“मग बस उन्हात. मी पण बसते उपाशी.”

धनंजय वैतागला. अण्णांनी हयातीत त्याचं कधी ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार. एक बदक त्याच्या बुटाची नाडी ओढत होतं.

“धनंजयभाई, वो बोर्ड किसने लगाया है?”

मागे मॅनेजर मोईनसाहेब उभे होते.

“मैंने, सर.”

“तो ये पार्टी किसकी है?”

“सर, मेरे फादर के लिए है.”

साहेबांनी बदकांकडे पाहिलं, मग मोराकडे. “इनमें से फादर कौन है?”

“अभी आए नहीं, सर.”

“हबीबी, ओनर ऊपर खिडकी से देख रहा है. मैं कितना बचाऊँ तेरे को? कल से मत आना. खलास.”

कावळा खजुरावरून उतरला, बदकांमधून चालत पानापर्यंत आला आणि वडा उचलून उडाला.

“शिवला,” आईने डोळ्यांना पदर लावला. “शेवटी काय कबूल केलंस रे?”

“मी काही नाही,” धनंजय पानावर उरलेल्या भाताकडे बघत म्हणाला. “माझ्या वतीने साहेबांनी केलं. तू जेवून घे.”