धुळ्याच्या गुडघ्याची बातमी

हिलाल आबा माणसाचं तोंड बघत नसत. आधी गुडघे बघत, मग घोटे, आणि तिथे सगळं ठीक असलं तर फार फार तर कमरेपर्यंत वर येत. आमच्या कॉलनीत ते शेजारी राहायला आले, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी नमस्कार करायला गेलो.

"मी शेजारचा. शाळेत भूगोल शिकवतो."

आबा माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "डावा घोटा कधी मुरगळला व्हता, मास्तर?"

आठवीत असताना मी चिंचेवरून पडलो होतो. माझ्या बायकोलाही ते ठाऊक नव्हतं. तिला ते त्या दिवशी कळलं, आणि आणखी काय काय लपवलंय याची चौकशी रात्रीपर्यंत चालली.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. जळगावात सरकारी दवाखान्याच्या प्लास्टर खोलीत त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. भाजीबाजारात अनोळखी बाईला थांबवून सांगत, "अक्का, पिशवी डाव्या हातात घ्या, उजवा खांदा उतरी गया." पहूरला एका लग्नात तर नवरदेव मांडवात शिरत असतानाच आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "पोऱ्याच्या डाव्या टाचले दुखनं शे." झालं! नवरीकडचे चार काका गोळा झाले. कसलं दुखणं, कधीपासून, आम्हाला सांगितलं का नाही? मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा कुणीतरी नवरदेवाची मोजडी काढली. आत खिळा निघाला. आबा शांतपणे म्हणाले, "हाड लबाड बोलत नही."

हे त्यांचं पालुपद. घरात बायको गेलेली, मुलगी सुरतेला दिलेली. पालुपद ऐकायला भिंती आणि आम्ही शेजारी.

आता फुटबॉलकडे येतो. जळगावात फुटबॉलचं वेड असलेली माणसं थोडी, त्यामुळे जी आहेत ती फारच वेडी. दिवाळीनंतर आमच्याकडची लीग सुरू होते आणि पहिला सामना वर्षानुवर्षं जळगाव विरुद्ध धुळे असाच असतो. त्याआधी महिनाभर रोज सकाळी मैदानाच्या भिंतीलगतच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक बसते. अध्यक्ष रमेशभाऊ. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ते अ‍ॅडमिन आहेत, म्हणजे दोन्हीकडे खिळे तेच पुरवतात. आपला संघ कसा आहे, हा विषय दोन मिनिटांत संपतो, कारण तो कसा आहे हे आम्हाला माहीत असतं. उरलेला सगळा वेळ धुळ्याचं कोण कोण दुखावलंय यावर जातो.

आबा सुरुवातीला टपरीच्या कडेला, आपला ग्लास घेऊन उभे राहत. त्यांना बसा म्हणावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मग एक दिवस ते उभ्याउभ्याच म्हणाले, "धुळ्याचा गोली उजवा हात खांद्याच्या वर नेत नही. मी कालदिन देखं."

रमेशभाऊंनी स्वतःच्या हाताने स्टूल पुसलं आणि पुढे सरकवलं. "आबा, बसा ना!"

त्या दिवसापासून ते स्टूल आबांचं झालं. दर रविवारी सकाळी ते एस.टी.ने धुळ्याला जात, त्यांचा सराव बघत, आणि सोमवारी बातमी आणत. "चार नंबर, पोटरी. दोन आठवडे." "सात नंबर, कंबर. वाकत नही." रमेशभाऊ ते लगेच ग्रुपवर टाकत. धुळ्याच्या एका पोराचा पायाचा अंगठा मोडल्याची बातमी आली तेव्हा भाऊंनी सगळ्यांना भजी दिली. मी दोन प्लेटी खाल्ल्या. कुणाचं तरी हाड मोडलं म्हणून खाल्लेली ती भजी आठवली की आजही मान खाली जाते. आणि ती फार चांगली झाली होती, हे आठवलं की आणखी खाली जाते.

भजीला हात न लावणारे फक्त आबा होते. आम्हाला वाटायचं, पित्त असेल.

पण आमची खरी धास्ती होती सायसिंग पावरा. धुळ्याचा दहा नंबर. सातपुड्याच्या पायथ्याचा गडी, वय बावीस-तेवीस, उजव्या बगलेतून असा सुटायचा की आमचा बचाव त्याला मागून ओळखायचा. सामन्याआधीच्या शेवटच्या सोमवारी सगळ्यांचे डोळे आबांवर.

"आबा, दहा नंबर?"

"बरा शे," आबा म्हणाले. "बठ्ठा बरा शे."

चहा कडू झाला. आबा लवकर उठले. घर एकाच दिशेला, म्हणून मीही निघालो. रस्त्यात ते एका वळणावर थांबले. मग माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "मास्तर, त्या पोराचा उजवा गुडघा आतून कच्चा शे. लिगामेंट. पट्टी बांधीसन लपाडस. दोन महिन्यांवर पोलीस भरती शे त्याची, धावनं शे. आनि खेळला नही तर धुळ्यात ऱ्हायची खोली जाई, ती क्लबनी देल शे. मी त्याले सांगं, वळताना जप. तुले सांगतो कारन पोटात मावत नही. कोनले सांगू नको."

"नाही आबा. शप्पथ."

मी भूगोलाचा शिक्षक. मुलांना खरं बोलावं, दिलेला शब्द पाळावा हेही मधूनमधून शिकवतो. दुपारच्या मधल्या सुट्टीत मी ग्रुपवर लिहिलं : "दहा नंबर. उजवा गुडघा. पक्की खबर." खाली हसरा चेहरा टाकला. पुढचा तास संपेपर्यंत चाळीसएक अंगठे आले होते. आईच्या पंचाहत्तरीच्या फोटोलाही मला एवढे अंगठे आले नव्हते. मी दिवसभर खुशीत होतो. मला वाटलं, आपण फक्त बातमी दिली.

सामन्याला आबा आमच्यातच बसले होते, पांढरा बागायती रुमाल डोक्याला बांधून. विसाव्या मिनिटाला सायसिंग उजवीकडून सुटला. बॉल त्याने पुढे ढकलला होता, तो निघूनही गेला होता. आमच्या बचावातला मुन्ना त्यानंतर आला. त्याचा बूट बॉलकडे गेलाच नाही. सरळ उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेला.

सायसिंग पडला आणि आम्ही ओरडलो. आनंदाने. मीही उभा राहून ओरडलो, हे मला नक्की आठवतं, कारण ओरडताना माझा हात रमेशभाऊंच्या खांद्यावर होता. मग सायसिंगचा आवाज आला. एवढ्या दणकट माणसाचा तसा बारीक आवाज ऐकून माझा हात भाऊंच्या खांद्यावरून खाली आला.

आमच्यातून एकच माणूस उठला. आबांनी दोरी ओलांडली, जाताजाता कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी उपटली, डोक्याचा रुमाल सोडला आणि मैदानात जाऊन मांडी घातली. मीही धावलो. का धावलो ते माहीत नाही, बसवलं नाही एवढंच. आबा काठी पायाला लावून रुमाल गुंडाळत होते आणि सायसिंगशी बोलत होते, जणू दोघं ओट्यावर बसलेत. "गावले ज्वारी कशी शे यंदा? किती भाऊ तुम्ही? माय काय म्हनस?" तो रडत रडत उत्तरं देत होता.

"आबा, मी धरू का?" मी विचारलं.

आबांनी मान वर केली. माझ्या घोट्यांवर, गुडघ्यांवर कुठेही न थांबता त्यांची नजर वर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं तोंड पाहिलं. पुन्हा खाली बघून गाठ मारायला लागले.

आम्ही एक-शून्यने जिंकलो. भजी झाली असणार. मी गेलो नाही.

आबा टपरीवर यायचे बंद झाले. मीही गेलो नाही, आणि त्यांच्याकडे जायचीही हिंमत झाली नाही. शेजारी असून चोरासारखा राहत होतो. त्यांच्या फाटकाची कडी वाजली की मी खिडकीतून मागे सरके. तीन रविवार त्यांना पहाटे पिशवी घेऊन निघताना पाहिलं. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, "कडीला किती दिवस भिणार आहात? जा आता." मी स्टँडवर गेलो. आबा चोपड्याच्या गाडीपाशी उभे होते.

"आबा, चुकलो मी."

"हं."

"धुळ्याला निघालात?"

"ना. तो पोऱ्या घर गया. खोली गई त्याची." थोडं थांबून म्हणाले, "मले काय सांगतोस? त्याले सांग. येतोस?"

चोपड्यावरून शिरपूर, तिथून काळी-पिवळी जीप. अख्ख्या प्रवासात आबांनी शेजारच्या एका म्हाताऱ्याची बोटं तपासली आणि मला एक शब्दही विचारला नाही. सायसिंगचं घर डोंगराच्या अगदी कुशीत होतं. अंगणात तूर वाळत टाकलेली. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. आबांना बघून त्याच्या आईने आतून पाणी आणलं. ऑपरेशन टळलं होतं, पण यंदाची भरती हातची गेली होती. "पुढच्या वेळेला बघू," असं तो म्हणाला. पुढची भरती कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. "सायसिंग, तुझ्या गुडघ्याचं मी सांगितलं. आबांनी मला विश्वासाने सांगितलं होतं, मी ग्रुपवर टाकलं. मुन्नाने ते वाचलं होतं."

सायसिंगने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"पण आबा तर म्हणाले, त्यांच्या तोंडून गेलं."

"माझ्याच तोंडून गई ना ती गोट," आबा म्हणाले. "याले मीच सांगं ना."

त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. महिनाभर माझं पाप स्वतःच्या नावावर घेऊन ते इथे येत होते. मला अंगणातली तूर दिसेनाशी झाली. सायसिंगने पाय खाटेवर नीट ओढून घेतला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी तो म्हणाला, "सर, मुन्नाला सांगा, मी पण असं एकदा केलंय. दोंडाईच्याच्या पोराला." आणि मान फिरवून त्याने आबांना विचारलं,

"मग आबा, तुमची काही चूकच नव्हती. मला वाटायचं, भरपाई म्हणून येता. एवढ्या लांबून, दर रविवारी का येता तुम्ही?"

आबा त्याच्या गुडघ्याला तेल लावत होते. हात थांबला नाही.

"प्लास्टर ओलं असलं ना, तवलोंग माणूस कुठे जात नही," ते म्हणाले. "सुकेपर्यंत बसस. बोलस. घरचं, शेतीचं, सुनेचं बठ्ठं सांगस. रोज वीस-पंचवीस मानसं बोलेत माझ्यासंगे." त्यांनी पाय हलकेच वाकवला, सरळ केला. "आता आइतवारले घर कोनी येत नही रे भो."

सायसिंगची आई दारातच उभी राहिली.

आबांनी पट्टी बांधली, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि उठायला खाटेच्या काठाला हात लावला. तेवढ्यात सायसिंगने दुसरा पाय पुढे केला.

"आबा, हा पण बघा जरा. परवापासून हा पण दुखतोय."

त्या पायाला काहीएक झालं नव्हतं. मलासुद्धा ते दिसत होतं. आबा क्षणभर त्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग पुन्हा खाली बसले. पिशवीतून बाटली काढली आणि तो पाय मांडीवर घेतला.