केरूनाना भोइटे यांनी पायी जाऊन दाढी केली, त्याची हकीकत

श्रीलंबोदर प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी सर्वांचे गुडघे सांभाळो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी आमचे राज्यात जे वर्तमान जाहले, ते ज्या धन्याचे मीठ खाल्ले (तेही डॉक्टरांचे हुकमाने निम्मे) त्यास स्मरोन लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु राज्यात क्रोध ऐसा कोणास नव्हता, एक स्वयंपाकीणबाई खेरीजकरून. राज्य म्हणजे गावाबाहेरील वृद्धाश्रम. तेथे चाळीस वृद्ध सरदार व सरदारणी आपापल्या खाटांच्या जहागिऱ्या सांभाळून होत्या, आणि राजश्री विवेकराव कुंटे कारभार पाहत. विवेकराव बहुत सज्जन. आमटी आधी आपण चाखीत, मग पंगतीस वाढू देत, आणि कोणाची चादर ओली जाहली तर सेवेकऱ्यांची वाट न पाहता स्वहस्ते बदलीत. परंतु त्यांचा एक हुकूम फार कडक, की राज्यात कोणी पडू नये, आणि पडू नये म्हणोन कोणी चालूच नये. खाटेवरून न्हाणीस जाणे तर चाकांची खुर्ची, आणि न्हाणीतून पंगतीस खुर्ची, आणि पंगतीतून देवघरास खुर्ची. कोणी आपल्या पायांवर उभा राहिलासे दिसताच सुमनमावशी, ज्या सेवेकरणींच्या मुख्य, त्या "बसा, बसा" करीत धावत येत, आणि मग बसावेच लागे. ऐशाने दोन वर्षांत एकही गडी पडला नाही, आणि त्याबद्दल राज्यास मानाची ढाल मिळाली, ती कारभारी यांचे खुर्चीमागे टांगली. आम्हीही तिजकडे अभिमानाने पाहत असू, कारण बसल्या जागी पाहण्यास दुसरे फारसे नव्हते.

त्या राज्यात केरूनाना भोइटे म्हणोन एक सरदार, सातारा प्रांतीचे, सारी उमर एसटीत कंडक्टरी केलेले. त्यांचे मनात एकच मनसुबा, की समोर रस्त्यापलीकडे बाळूचे सलून, तेथे आपल्या पायांनी जावे, आणि मोठ्या आरशासमोर बसावे, आणि गावच्या चार भानगडी ऐकत दाढी करवून घ्यावी. बाळू महिन्यातून एकदा राज्यात येई खरा, परंतु मेंढरे कातरावी तैसा सर्वांस एका रांगेत उरकोन जाई, आणि भानगडी सांगण्यास त्यास सवड नसे. सबब नानांनी कारभारी यांजकडे अर्ज केला.

"साहेब, रस्ता वलांडायचा फकस्त. दुसरं काय मागनं न्हाई."

"आणि पडलात म्हणजे, नाना?"

"अवो, तीस वर्सं चालत्या गाडीत उभं ऱ्हाऊन तिकिटं फाडली. खंबाटकीच्या घाटात बी पडलो न्हाई, आन हितं उभ्या फरशीवर पडीन व्हय?"

"तेव्हा गाडी चालत होती नाना, आणि गुडघेही चालत होते," ऐसे विवेकराव हसोन बोलिले, आणि खुर्ची मागविली. नाना खुर्चीत बसोन निघोन गेले, आणि ते दिवशी त्यांनी आवडीची भाकरी अर्धीच खाल्ली.

ऐसे असता हुजुरातून खलिता आला, की सेवेचा दर्जा तपासावयास तपासनीस श्रीमती सुलक्षणा गवंडे खासा येत आहेत. मग काय पुसता! पडदे धुतले, आणि नखे कातरिली, आणि आम्हा सर्वांस एक एक स्वच्छ सदरा मिळाला, आणि स्वयंपाकीणबाईंनी रागेरागे शिरा केला, तो उत्तम साधला. बाईसाहेब आल्या त्या शिऱ्याकडे न पाहता थेट खाटांकडे गेल्या. चादरी हुंगिल्या, आणि न्हाणीतील कड्या ओढोन पाहिल्या, आणि ऊन पाण्यात कोपर बुडविले, आणि निजून निजून कोणाचे पाठीस जखम जाहली की काय ते स्वतः तपासिले. मग सेवेकऱ्यांस बाहेर घालवोन एकेकास पुसिले, की ओरडतात का, औषध वेळेवर देतात का, हाक मारिली तर येतात का. सर्वांनी खरे तेच सांगितले, की माया बहुत आहे. आम्ही तेवढे मिठाविषयी गाऱ्हाणे घातले, ते त्यांनी कानाआड केले. बाईसाहेब संतोष पावल्या, आणि विवेकरावांचा जीव भांड्यात पडला, आणि उत्तम दर्जा मिळालाच ऐसे समजोन सुमनमावशींनी चहाचे आधण ठेविले.

परंतु निघतेसमयी बाईसाहेब दारात आपल्या चपला घालावयास वाकल्या, तो शेजारी मांडणीवर सरदारांच्या चपला ओळीने लाविलेल्या. त्यांनी एक जोड उचलोन उलटा केला. तळ कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीही तैशीच. दुसरा उचलिला, त्यात कोळ्याने घर केलेले.

"ह्या कोऱ्या कोणाच्या?"

"त्या केरूनानांच्या," विवेकराव अभिमानाने बोलिले. "दोन वर्षं झाली घेऊन, पण बघा, कशा नव्यासारख्या ठेवल्यात."

"म्हणूनच विचारलं," ऐसे बोलोन बाईसाहेबांनी आपल्या चपला पुन्हा काढिल्या आणि आत आल्या, आणि नानांपुढे उभ्या राहोन बोलिल्या, "नाना, जरा उभे राहता का?"

नाना उठले. मांड्या लटपटल्या, आणि दम लागला, आणि लागलेच खाली बसले. बाईसाहेबांनी त्यांच्या पोटऱ्या हातांनी चाचपिल्या आणि सर्वांदेखत सांगितले, की "विवेकराव, अन्न चांगलं, अंथरूण चांगलं, माणसं मायेची. पण पाय वापरले नाहीत की ते जातात. ह्यांचे निम्मे गेलेत. उन्हाळ्यापर्यंत असंच बसवलंत, तर नाना परत उभे राहायचे नाहीत. सलून सोडा, संडासलाही नाही."

हे नानांनी ऐकिले. दाढीची गोष्ट बाजूस राहिली, येथे पायच हातचे चालले होते. आजवर ज्यांनी कधी कोणापुढे मान खाली घातली नाही, ते नाना खाली फरशीकडे पाहू लागले, आणि आम्हास फार वाईट वाटले, आणि आम्हीही धोतराआडून आपली पोटरी हळूच दाबोन पाहिली.

विवेकराव नानांचे खुर्चीशेजारी खाली बसले. मग बोलिले, "बाई, माझी आई न्हाणीघरात पडली. मी दाराबाहेरच उभा होतो. ती पुन्हा उठली नाही." दुधाने पोळलेला ताक फुंकोन पितो म्हणतात, येथे तर चाळीस जणांचे ताक एकटे विवेकराव फुंकीत होते, हे आम्हास त्या दिवशी कळले. बाईसाहेबांचाही आवाज मऊ जाहला.

"तुमची माया खोटी नाही. पण ह्यांना तुमच्या भीतीत बसवून ठेवू नका. दर्जा मी आज लिहीत नाही. माघात परत येईन, तेव्हा लिहीन."

मग राज्यात नवी राजनीती सुरू जाहली. व्यायाम शिकविणाऱ्या एक बाई येऊ लागल्या, आणि त्यांनी प्रथम खुर्चीतून उठणे, मग बसणे, मग पुन्हा उठणे, ऐसी कवाईत मांडिली. आणि पडलेच तर घाबरे न होता कुशीवर वळावे, गुडघ्यांवर यावे, आणि घट्ट वस्तूस धरोन उठावे, हाही डाव गादीवर शिकविला. नानांस चार पायांचा वॉकर दिला, त्यास ते घोडा म्हणत. नाना ओसरीवर घोडा चालवीत, आणि मागोमाग विवेकराव कोंबडी धरावयास निघाल्यासारखे दोन्ही हात पसरोन चालत, आणि नाना वळोन म्हणत, "साहेब, मागनं धक्का नका देऊ, गाडी चालू हाय." सरदारणींस हसता पुरेवाट होई. परंतु पाय हळूहळू माघारी येऊ लागले, आणि भाकरी अख्खी खपू लागली.

माघात बाईसाहेब पुन्हा आल्या, आणि त्याच दिवशी मोहिमेचा मुहूर्त जाहला. पुढे नाना घोड्यासहित, डावीकडे सुमनमावशी, पिछाडीस विवेकराव, आणि बाईसाहेब दरवाज्यात उभ्या. आम्ही बाकी फौज ओसरीवर, कोणी बसोन, कोणी खांब धरोन. रस्त्यात दुधाची गाडी थांबली, आणि दोन मोटारसायकली थांबल्या, आणि नाना कोणाकडे न पाहता रस्ता ओलांडोन पार जाहले. सलूनची पायरी तेवढी राहिली. तीवर घोड्याचा पाय अडकला आणि नाना पडले.

सुमनमावशी "बसा" म्हणावयास गेल्या, परंतु नाना बसलेच होते. विवेकरावांचे हात पसरलेले तैसेच राहिले, एक पाऊल उचलेना. आम्ही मनात म्हटले, गेला दर्जा, आणि गेले नानांचे पाय, आणि गेले आमचे चालणेही. नानांनी आपले कोपर पाहिले, गुडघा पाहिला. मग कुशीवर वळले, आणि गुडघ्यांवर आले, आणि पायरीवर हात रोविला, आणि एक पाय टेकिला, आणि दम खाऊन दुसरा टेकिला, आणि उभे राहिले.

"घोडं द्या हिकडं," ऐसे बोलोन त्यांनी मागे पाहिले, तो विवेकराव लहान पोरासारखे रडत होते.

"आता काय म्हनावं! पडलो मी, आन रडताय तुमी?"

"उठलात, नाना," विवेकराव बोलिले. "म्हणून."

नानांनी विवेकरावांचे खांद्यावर हात ठेविला, आणि दोघे मिळोन सलूनची पायरी चढले, आणि बाळूने खुर्ची झाडोन दिली.

एकूण हकीकत इतकीच. कोपराचे कातडे गेले, त्यास हळद लाविली. बाईसाहेबांनी उत्तम दर्जा लिहिला. नाना गावच्या सर्व भानगडी ऐकोन, गुळगुळीत गालावरून हात फिरवीत, सायंकाळी पायीच परतले, आणि त्या साऱ्या वाटेत विवेकराव शेजारून चालले, परंतु त्यांनी नानांचा हात एकदाही धरिला नाही.