कॅनडाला बेट जोडायला निघालेले इनासकाका

कॅनडातल्या आमच्या व्हिटबी गावात पारा शून्याखाली उतरला, की आमचे शेजारी इनास लोपीस कुंपणापलीकडून ओरडून सांगत, "कुलकर्णी, आपल्या बेटावर ऐंशी हाय! वारा पूर्वेचा!"

मी तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसत असे. भुवयांवर बर्फ, नाकाची जाणीव गेलेली, आणि कानात पूर्वेचा वारा. हा आकडा तुम्हाला रोज कळतो कुठून, असं मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"तिकडे रोज ऐंशीच असतं. त्यात बघायचं काय हाय?"

पुढे सरकारने फॅरनहाइट काढून सेल्सिअस आणलं, तेव्हा सगळा देश गोंधळला. इनासकाका मात्र चिडले. बेटाचे ऐंशी एकदम सत्तावीस झाले होते. "काय केलं बघ ह्या लोकांनी. बसल्या जागी माझं बेट थंड केलं!"

हे बेट म्हणजे एक बेट नाही. फ्लोरिडाच्या खाली, क्यूबा आणि हैतीच्या वरच्या अंगाला टर्क्स आणि केकस नावाचा लहान लहान बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजांची वसाहत. डोंगर नाही, नदी नाही, पावसाचं पाणी टाक्यांत साठवून प्यायचं. तिथे एक बुटका निवडुंग उगवतो, त्याच्या डोक्यावर तुर्की टोपीसारखा लाल गोंडा असतो, म्हणून नाव टर्क्स. हे सगळं मला पाठ आहे, कारण इनासकाकांच्या बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या वर या बेटांचा नकाशा टांगलेला होता, आणि त्यांच्या घरी चहाला गेलेला माणूस नकाशा पाहिल्याशिवाय परत येत नसे.

काका वसईकडचे. साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात आले आणि वॉनच्या एका गोडाउनमध्ये स्टोअरकीपर झाले. रोज इतक्या लांब गाडी हाणत जायचे, पण व्हिटबी सोडायला तयार नव्हते, कारण इथे तळं आहे. "समुद्र नाय, पण समुद्राची नक्कल तरी हाय," म्हणायचे. उंच, वाळकी मूर्ती. बोलताना उजवा हात सारखा पुढे जाऊन मागे ओढला जायचा, जसं काहीतरी अदृश्य ओढून आणताहेत. बायको कार्मेलीनकाकू, मुलगी शर्ली. शर्लीशी ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई. बेटाचा विषय निघाला की तिचं उत्तर ठरलेलं, "डॅड, नॉट द आयलंड अगेन!"

काकूंचं म्हणणं आणखी सोपं होतं. "ह्यांना बेट हवं. मला बेसमेंट कोरडं हवं. बघू या, देव कोणाचं ऐकतो ते."

सगळ्याची सुरुवात चौऱ्याहत्तर साली झाली. इथल्या एका खासदाराने पार्लमेंटात सुचवलं, की ही बेटं कॅनडाने आपल्यात सामील करून घ्यावीत. बाकीच्या देशाने बातमी वाचली, हसून पान उलटलं. इनासकाकांनी ती कापून पाकिटात ठेवली. त्या पाकिटातून काकूंचा फोटो बाहेर गेला आणि बातमी आत आली, यावरून दोन दिवस घरात अबोला होता, असं शर्लीने मला सांगितलं.

त्यानंतर काका लायब्ररीत बसू लागले. तिथून उठून थेट माझ्याकडे येत.

"इतिहास तपास, कुलकर्णी! तीनशे वर्षं त्या बेटांवर एकच पीक. मीठ! बर्म्युडाचे गोरे गलबतं घेऊन आले, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना खाऱ्या पाण्यात उभं केलं, मीठ ओढायला लावलं. पायाला जखमा, डोळ्यांत ऊन. आणि ते मीठ यायचं कुठे? इथे! नोव्हा स्कोशियाला, न्यूफाउंडलंडला. इथले कोळी मासे खारवायचे ते तिथल्या मिठात. म्हणजे नातं जुनं हाय. आपण फक्त कागद करायचा."

मी सोलापूरचा. मीठ दुकानात मिळतं यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. काका मिठागरात वाढले होते, वडील मीठ पिकवायचे, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यामुळे हिवाळ्यात नगरपालिकेचा ट्रक बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ फेकत आला की काका घरात निघून जात. लहानपणी आपल्याला सांगतात ना, मीठ सांडलं तर देव पापण्यांनी वेचायला लावतो. त्या हिशेबाने व्हिटबीच्या नगरपालिकेला पुढची काही युगं उसंत नव्हती. काकू मात्र पायऱ्यांवर मुठीमुठीने मीठ मारायच्या. "पापण्या गेल्या तरी चालतील, कंबर मोडायला नको."

त्या वर्षी मराठी मंडळाच्या पॉटलकला काका सह्यांचा कागद घेऊन आले. खासदाराला पाठिंबा म्हणून. एका हातात कागद, दुसऱ्या हातात काकूंनी केलेल्या वड्यांचा ट्रे. वडा हवा असेल तर सही करा, असा सरळ व्यवहार होता. सह्या भराभर झाल्या. फक्त सॅमसन रोहेकर थांबले. हे अलिबागकडचे बेने इस्राएली गृहस्थ, शाळामास्तर होते, बोलायचे हळू.

"इनासराव, एक शंका आहे. त्या बेटावरच्या माणसांना विचारलंत का?"

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत. वड्यांचा ट्रे टेबलावर ठेवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "नाय विचारलं. चुकलंच."

घरी येऊन त्यांनी पत्र लिहिलं. पत्ता असा: 'मीठ काढणाऱ्या कोणाही माणसास, सॉल्ट के बेट.' सॉल्ट के हे त्या पुंजक्यातलं अगदी चिमुकलं बेट, दोन-अडीच मैलांचं. मी म्हटलं, असं पत्र पोचत नाही. पण दहा आठवड्यांनी उत्तर आलं. मोठ्या, तिरप्या अक्षरात, मिस एल्डा नावाच्या बाईंचं.

'इथे मीठ काढणारं आता कोणी उरलेलं नाही. काम कधीच बंद पडलं. पण मी लहानपणापासून काढलं आहे, म्हणून पोस्टातल्या मुलीने पत्र मला आणून दिलं. कॅनडाबद्दल इथे दोन मतं आहेत. माझं मत असं, की जो कोणी येईल त्याने आधी पाण्याच्या टाकीची भेग बुजवावी.'

काका तेच पत्र घेऊन रोहेकरांच्या घरी गेले. "विचारलं! टाकीला भेग हाय!"

रोहेकरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

पार्लमेंटात त्या प्रस्तावाचं काहीच झालं नाही. काकांना फारसं दुःख झाल्याचं दिसलं नाही, कारण तोवर पत्रं सुरू झाली होती. एल्डाबाई लिहीत, की मिठागरं बंद झाल्यापासून गाढवं मोकाट सुटली आहेत, दारातली फुलं खातात. फेब्रुवारीत देवमासे बेटाच्या इतक्या जवळून जातात, की स्वयंपाक करताना त्यांचा श्वास ऐकू येतो. काका लिहीत, की आमच्या तळ्याचा काठ गोठला आहे आणि त्याच्यावर काल एक कोल्हा चालत गेला. कोल्हा काय, देवमासा काय, लिहिणाऱ्या दोघांनाही एकमेकांचं खरं वाटत नसावं. जानेवारीतल्या दुपारी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये बसलेला असे. खिडकीच्या वरच्या चतकोरातून बर्फ पडताना दिसे, ड्रायर गरगरत असे, आणि काका मोठ्याने पत्र वाचत. ऐकता ऐकता पेंग येई, आणि त्या पेंगेत बाहेरचं पांढरं सगळं मीठ होऊन जाई.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकत असे. काकू आणि शर्ली दोनदा वसईला जाऊन आल्या. काका एकदाही गेले नाहीत. रजा नाय, म्हणायचे. मी काकूंना विचारलं, तर त्या कणीक मळतच राहिल्या. "त्यांनाच विचार. मला सांगितलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?"

मग एका मार्चमध्ये एल्डाबाईंचं पत्र आलं. डोळ्यांनी कमी दिसतं, ईस्टरनंतर घर बंद करून मुलीकडे नॅसॉला जाते आहे, बोलावलं आहे, नाही म्हणवत नाही. इतकंच. काकांनी दुसऱ्या दिवशी गोडाउनमध्ये दोन आठवड्यांची रजा टाकली. न मिळणारी रजा लगेच मिळाली.

काकू माझ्याकडे आल्या. "कुलकर्णी, तू बरोबर जा. एकटा सोडला तर हा माणूस तिकडेच टाकी बांधत बसेल."

मी तेव्हा एकटाच होतो. गेलो.

दोन विमानं बदलून ग्रँड टर्कला उतरलो आणि तिथून होडीने सॉल्ट के. उतरल्यावर मला काय दिसलं? काहीच नाही. सपाट, उन्हाने विरलेली जमीन, खुरटी झुडपं, आणि मधोमध दगडी बांधांनी आखलेले पाण्याचे लांबच लांब चौकोन. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पवनचक्क्यांची पाती गळून पडलेली, खांब तेवढे उभे. एका बांधावर दोन गाढवं आकाशाकडे पाहत होती. मी सात वर्षं ज्याची वर्णनं ऐकली ते हे! मी काकांकडे पाहिलं. त्यांनी बूट काढून हातात घेतले होते.

एल्डाबाई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, काळ्या, ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. काकांना त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं.

"तू मिठातला माणूस आहेस म्हणे. हात दाखव."

काकांनी हात पुढे केले. बाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "हे गोडाउनचे हात आहेत," म्हणाल्या, आणि आम्हाला उकडलेला भात आणि मासे वाढले.

जेवण झाल्यावर काका टाकीची भेग बघायला निघाले. त्यासाठी सिमेंट भरायची लहान थापी त्यांनी व्हिटबीहून बॅगेत आणली होती. टाकी दोन दिवसांत झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "चल, आगरात जाऊ." एल्डाबाईही काठी टेकत आल्या. एका कोपऱ्यातल्या चौकोनात पाणी आटून गुलाबीसर झालं होतं आणि कडेला पांढरी साय धरली होती. काकांनी बोट बुडवून चाटलं.

"धरलंय की! कोणी न बघता धरलंय."

बाईंनी खांदे उडवले. "ते आम्हाला विचारून धरत नाही. दरवर्षी येतं, पावसात विरघळून जातं. इथे आता काय आहे? ज्यांना पाय होते ती सगळी माणसं गेली. माझी पाचही मुलं गेली. तुझ्या कॅनडात सगळं आहे. सात वर्षं तू आम्हाला का धरून बसलास?"

काकांनी ओलं बोट शर्टाला पुसलं. मग इंग्रजीत बोलू लागले. मला कधी न सांगितलेलं त्या बाईला सांगू लागले.

त्यांना कॅनडाचे कागद आले तेव्हा मिठाचा ऐन हंगाम होता. आई आधीच गेलेली, बहिणी सासरी. बाबा म्हणाले, तू जा, मी ओढीन मीठ. एकट्याने ओढायला ते दोन माणसांचं काम. मे महिन्यात तार आली. बाबा आगरातच पडले होते. नव्या नोकरीला दोन महिने झाले होते. काका गेले नाहीत. पुढे बहिणीचं पत्र आलं. बाबांना नीट पोचवलं, पाद्री आले, गाव आला. पण मीठ आगरातच राहिलं. ओढायला कोणी नव्हतं. जूनमध्ये पाऊस आला आणि दोन दिवसांत सगळं पीक पाणी होऊन गेलं.

"ते मला दिसतं," काका म्हणाले. "बाबा नाय दिसत. मीठ दिसतं."

 एल्डाबाई वळून घराकडे गेल्या आणि दोन लांब दांड्यांची लाकडी फावडी घेऊन आल्या. एक काकांना दिलं, एक स्वतः घेतलं. दोघंही घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात उतरली. काकांचा हात पुढे गेला, मागे आला. इतकी वर्षं बोलताना हवेत जे चालायचं ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. बाईंना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांची ओढ काकांपेक्षा सरळ होती, आणि तसं त्या दर चार ओढींना एकदा ऐकवत होत्या. मी बांधावर बसून दोघांचे पाण्यातले पाय पाहत होतो. दूर कुठेतरी देवमाशाने श्वास सोडला. कोणी वर पाहिलं नाही.

दुपार कलेपर्यंत बांधावर कमरेएवढा ढीग झाला. काकांनी तो हाताने चारी बाजूंनी थोपटून निमुळता केला. मग ताडाच्या वाळक्या झावळ्या गोळा करून आणल्या आणि खालून वर एकेक बसवून दोरीने बांधू लागले.

"पावसाला अजून वेळ आहे," एल्डाबाई म्हणाल्या. "उगाच कशाला झाकतोस?"

काकांनी ऐकलं नाही. मी मदतीला उठलो, तर म्हणाले, "तू बस, कुलकर्णी. हे मलाच बांधायचं हाय."

पण दोरीला दोन टोकं असतात, आणि ढीग रुंद होता. त्यांचा हात पलीकडे पोचेना. बाईंनी काठी खाली ठेवली, चाचपत पलीकडे गेल्या, दोरीचं टोक पकडून घट्ट ओढलं आणि म्हणाल्या, "मार गाठ."