एकमुखी अर्ज

आमच्या गावात ख्रिस्ती घरे सोळा आणि मंडळ्या दोन. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्च. टेकाडावरची ती वरची मंडळी, ओढ्याकाठची ती खालची. फरक एवढाच की, प्रार्थनेत वरचे 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात आणि खालचे 'आमच्या स्वर्गातील बापा'. ज्या दोन गोऱ्या साहेबांनी हे शब्द शिकवले, ते एकाच बोटीने मायदेशी गेले आणि वाटेत एकाच टेबलावर जेवले, असे ऐकिवात आहे. आमच्या श्रद्धेला त्यामुळे धक्का लागलेला नाही.

दफनभूमी तेवढी दोघांत एक होती. तिथे वरचे-खालचे शेजारी शेजारी निजलेले होते आणि आजवर एकाचीही तक्रार आली नव्हती. पण ती भरत आली होती. भाऊरावांच्या कबरीशेजारची जागा त्यांच्या विधवेसाठी, तानुबाईंसाठी, राखलेली होती. भाऊराव वरच्या मंडळीतले, तानुबाई खालच्या. चाळीस वर्षे दर रविवारी दोघे घरून बरोबर निघत, ओढ्यापाशी वेगळे होत आणि परतताना जो आधी पोचेल तो दुसऱ्यासाठी थांबे. आता तानुबाई उपासना संपली की कबरीपाशी जाऊन गवत उपटत बसत.

मी शाळामास्तर. त्यांनी मला एकदाच सांगितले, "मास्तर, माह्या मालकाच्या बाजूची जागा मले लेहून द्या. बाकी मले काही नाही पायजे."

हे सन त्रेसष्टचे. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षे झाली होती. विदर्भ, मराठवाडा, कोकण सगळे एक झाले होते. आमची सोळा घरे तेवढी उरली होती. दफनभूमीलगतची सरकारी जमीन वाढवून मिळावी म्हणून दोन्ही मंडळ्यांनी अर्ज केले. कचेरीतले कारकून पंजाबराव यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून मला विचारले, "मास्तर, तुमचा देव एक, पुस्तक एक, गावबी एक. मंग अर्ज दोन काऊन?"

याचे उत्तर आमच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत दिलेले नाही. समस्त ख्रिस्ती समाजाचा एकमुखी अर्ज आल्यास विचार होईल, असा शेरा घेऊन मी परत आलो.

सबब ख्रिस्ती ऐक्य समिती स्थापन झाली व मी तिचा चिटणीस झालो. पहिली सभा शाळेच्या ओसरीवर भरली. ऐक्य अत्यंत महत्त्वाचे आहे, यावर सर्वांचे एकमत होते. मग प्रार्थना सुरू झाली आणि 'स्वर्गातील' पर्यंत सगळे सुरळीत पार पडले. पुढचे दोन तास कार्यवृत्तात घेतलेले नाहीत. शेवटी तडजोड निघाली की, त्या ठिकाणी शब्द न उच्चारता सर्वांनी गप्प राहावे. दोन्ही शब्द दोन अक्षरी असल्यामुळे किती वेळ गप्प राहावे यावर वाद झाला नाही. ऐक्याचे हे पहिले यश मी तांबड्या शाईने नोंदवले.

पुढे चार घरांना ते गप्प राहणेच फार आवडले. खरी भक्ती यातच आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी आपापल्या मंडळ्या सोडून ओसरीवरच तिसरी काढली आणि तिचे नाव 'ऐक्य मंडळी' ठेवले. त्या रविवारी तिन्ही ठिकाणी ऐक्यावरच उपदेश झाला आणि तिन्ही ठिकाणी इतर दोघांची नावे घेण्यात आली.

अर्ज मात्र मी लिहिला. कोणाची सही पहिली, हा प्रश्न आल्यावर सह्या गोलात घेतल्या. पंजाबरावांनी कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि 'अर्जाचे तोंड कोणीकडे, खुलासा करावा' असा शेरा मारला. खुलासे तीन गेले. त्यावर मोजणीदार आले. अर्जदार तीन दिसतात, तरी जुनी-नवी जागा मिळून तीन भाग करावेत व हद्दीवर भिंती घालाव्यात, असे त्यांनी सुचवले.

समितीने हे एका बैठकीत, एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर केले.

भिंती बांधताना जे ऐक्य दिसले, त्याला तोड नव्हती. वरच्यांनी दगड आणले, खालच्यांनी ओढ्याचे पाणी वाहिले, ऐक्यवाल्यांनी चुना कालवला. बायकांनी एका चुलीवर पिठले रांधले. गाणीसुद्धा झाली. माझे डोळे खरोखर भरून आले. अशी एकजीव माणसे मी आमच्यात कधी पाहिली नव्हती.

तानुबाई सगळ्यांसाठी भाकरी घेऊन आल्या. त्यांनी पाया पाहिला. तो भाऊरावांच्या कबरीला चिकटून, बरोबर तानुबाईंसाठी राखलेल्या जागेवरून गेला होता. त्यांनी आधी सगळ्यांना वाढले. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, भित माह्या जागेवर आली हाय. पाडा म्हनत नाही मी. तीन हात जागा मोकळी ठेवा. मी काही कोनाच्या हद्दीत पाय पसरत नाही."

मला लाज वाटली. मी तिथल्या तिथे तिन्ही मंडळ्यांना विचारले. सांगायला आनंद वाटतो की, नाही कोणीच म्हटले नाही. वरचे म्हणाले, आमची मुळीच हरकत नाही, खालच्यांनी आधी होकार द्यावा. खालचे म्हणाले, आम्ही केव्हाही तयार आहोत, वरच्यांनी तोंड उघडावे. ऐक्य मंडळीने दोघांचे ऐक्य होईपर्यंत गप्प राहायचे ठरवले. दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी झाली.

या गोष्टीला आठ महिने झाले. तानुबाईंनी हिवाळ्यापासून अंथरूण धरले आहे. प्रकरण विचाराधीन असून धीर धरावा, असे समितीने त्यांना लेखी कळवले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "कोनाची हरकत हाय, मास्तर?" मी म्हणालो, कोणाचीच नाही.

वाचकहो, आमच्या लोकांना हसू नका. ज्या भावाशी तुम्ही कित्येक वर्षांत बोलला नाहीत, त्याच्याशी बोलायला तुमची तरी कुठे हरकत आहे? फक्त त्याने आधी यावे, एवढेच ना?