पाच मीटरचे नजीरभाई

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की नजीरभाई लगेच आत जात नसत. पायरीच्या दगडावर उभे राहत, उजवा हात पुढे करत आणि तळहातावरच्या साबणाच्या वडीएवढ्या यंत्राकडे दहा मिनिटं टक लावून बघत. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात. मूर्तिजापुरात नवा आलेला माणूस समजायचा, म्हाताऱ्याच्या मोबाईलला रेंज मिळत नाही. जुन्यांना ठाऊक होतं की ते मोबाईल नाही. आपण कुठे उभे आहोत हे नजीरभाई घडीवाले वरच्या उपग्रहांना विचारत आहेत.

"काय नजीरभाई, आज कुठं?" शाळेत जाताना मी सायकल थांबवून विचारायचो.

"आज नालीत आहो, मास्तर," ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

आदल्या दिवशी ते समोरच्या पानठेल्यात असत, त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीत. पायरी जागची हलत नव्हती, नजीरभाई हलत नव्हते, तरी यंत्र त्यांना रोज नवीन ठिकाणी नेऊन उभं करी. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत कबुलीही देई, की अचूकता पाच मीटर. या पाच मीटरांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं.

माणूस घड्याळजी. डोळ्यावर भिंग चढवून केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करण्यात जन्म गेलेला. त्यांच्या हातचं घड्याळ मागे पडलं असं सांगणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. त्यामुळे पाच मीटर ही त्यांना सरळसरळ बेइमानी वाटे. "माहं दुकान पुरतं तीन मीटर नाही. यानं म्हणावं, आहे इथंच कुठंतरी? असं घड्याळ मी दिलं असतं तर लोकायनं जोड्यानं हाणलं असतं मले." पूर्वी अमेरिका मुद्दाम आकड्यांत चूक मिसळायची, हे कोण्या इंजिनियरिंगच्या पोरानं त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं. चूक काढून घेतली म्हणतात, पण पाच मीटर अमेरिकेनं स्वतःपाशी ठेवून घेतले.

यंत्र दिलं होतं आखातात नोकरीला असलेल्या भाच्यानं. त्याच्या साहेबानं नवीन घेतलं म्हणून जुनं मामाला आणलं. ते आल्या दिवसापासून नजीरभाईंच्या शर्टाच्या खिशात मुक्कामाला होतं. काळी-पिवळी जीपमधून अमरावतीला निघाले की ते पुढे, ड्रायव्हरशेजारी बसत. जीपच्या वेगाचा काटा कधीच मेलेला असायचा, म्हणून हे दर दोन मिनिटांनी "बासष्ट", "अठ्ठावन" असं पुकारत. ड्रायव्हर खुश व्हायचे. मागचे प्रवासी घाबरायचे. त्यांच्या बायकोचा, हलीमाभाभींचा मात्र या डब्यावर राग होता. "तुमी घरी हाये का नाही ते बी मी त्यालेच विचारू का?" असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या होत्या.

ती वर्षंच वाईट होती. टीव्हीवर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्यांची नावं आली की माझी आई उठून बटण बंद करायची. कापसाच्या जिनिंगचे भोंगे वाजेनासे झाले होते. घड्याळ दुरुस्तीला कोण येणार? जे येत ते ठेवून जात आणि न्यायला फिरकत नसत. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना तीसेक घड्याळं लटकत होती, प्रत्येकाला गावाच्या नावाची चिठ्ठी. नजीरभाई रोज सगळ्यांना चावी देत. मी एकदा म्हणालो, कशाला हात दुखवता, येणार नाहीत ते आता. तर म्हणाले, माणूस आला आणि घड्याळ बंद दिसलं तर काय तोंड दाखवू.

उपग्रहाचं यंत्र म्हटल्यावर लोकांना दुसरंच काही वाटायचं. जवळच्या एका गावातले दोघं भाऊ एकदा त्यांना मोटरसायकलीवर मधे बसवून घेऊनच गेले. वरून सगळं दिसतं, तर बोअर कुठे मारायचा तेवढं पाहून सांगा म्हणाले. नजीरभाईंनी परोपरीनं सांगितलं, की बाप्पा, मी कुठं उभा आहो तेच हे सांगते, खाली काय आहे ते नाही. पण शेताच्या एका कोपऱ्यात आकड्यांच्या शेवटी सातशे शहाऐंशी आलं. नजीरभाईंच्या तोंडून नकळत "बिस्मिल्ला" निघालं आणि त्या दोघा भावांनी तिथंच खुणेचा दगड रोवला. तीनशे फुटांपर्यंत धुरळाच निघाला. परत आल्यावर नजीरभाईंनी ती जागा यंत्रात 'कोरडं' या नावानं साठवून ठेवली. नंतर 'कोरडं दोन', 'कोरडं तीन' अशी भर पडत गेली.

ही यादी मी पाहिली त्याला कारण बारीक अक्षरं. यंत्राचे सेल बदलल्यावर साठवलेल्या जागा शाबूत आहेत का, ते वाचायला मला बोलवत. कोरडं, कोरडं, कोरडं आणि सगळ्यात खाली नुसतं एक इंग्रजी अक्षर, एच. हे काय, म्हणून विचारलं तर त्यांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "ते राहू द्या," म्हणाले. हलीमाभाभींना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

पायरीवर उभं राहणं भाभी गेल्यानंतरच सुरू झालं होतं, आणि आळीत कुजबुज होती की म्हातारा बिघडला. एका सकाळी मला शाळेला उशीर होत होता आणि नजीरभाई सायकलचं हँडल सोडत नव्हते. हे पाच मीटर घालवायचे कसे, एवढंच सांगा, तुमी भूगोलाचे मास्तर. माझा भूगोल नकाशात रंग भरण्यापुरता. तरी सुटका व्हावी म्हणून मी ठोकून दिलं, की एकाच जागी शेकडो वेळा आकडे घ्या आणि सरासरी काढा. चुका इकडच्या तिकडच्या असतात, एकमेकींत जिरून जातात.

त्यांनी ते कुराणातल्या आयतीसारखं धरलं. दोनशे पानी वह्या आल्या. उन्हाळा गेला, पाऊस येऊन न आल्यासारखा गेला, नजीरभाई पायरीवरच. आणि एका सकाळी शाळेच्या फाटकाशी ते मला गाठायला आले, धापा टाकत.

"मास्तर, पायरीवर आलो."

तीन वह्यांची सरासरी बरोबर त्यांच्या दगडावर पडत होती. इतका आनंदी माणूस त्या वर्षात मी दुसरा पाहिला नाही. मी अभिनंदन केलं, तेव्हा माझा हात धरून ते म्हणाले, "आता तेल्हाऱ्याकडं जाऊ. रयवारी. तुमी पाह्यजे संगं."

तेल्हाऱ्याच्या पुढे एक खेडं, हलीमाभाभींचं माहेर. भावाकडे गेल्या असताना दोन दिवसांच्या तापात त्या तिथंच गेल्या होत्या, आणि संध्याकाळच्या आत मातीही तिथंच झाली होती. कब्रस्तान गावाबाहेर नाल्याच्या काठाला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगा पडून बसते. कच्ची कबर एक पावसाळा काढत नाही. कुंपणाच्या आत नुसती ओबडधोबड जमीन होती, कुठे उंचवटा, कुठे खड्डा. नाव कशावरच नव्हतं.

रविवारी तिथं उभं राहून नजीरभाईंनी जे सांगितलं ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माती झाल्यावर भाभींचा भाऊ उशाला दगड रोवायला निघाला होता. यांनीच त्याला अडवलं. "दगड काय, कोणीबी उचलून नेते. माह्यापाशी नंबर आहे, म्हटलं त्याले." आणि खिशातून यंत्र काढून बटण दाबलं होतं, जागा साठवली होती. तीच ती एच. वर्षश्राद्धाला आपण जातो तसे ते बरसीला आले, तेव्हा यंत्र त्यांना घेऊन गेलं आणि थांबलं, आणि त्याच्या पाच मीटरांत सात कबरी होत्या. भाऊ तोवर घर बंद करून सुरतेला लूमवर गेलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, लिंबापासून तिसरी. तो कडुलिंब कोणीतरी तोडून नेला होता. खुंटसुद्धा खणून नेला होता.

बरसीहून परत आल्यावरच वह्या आल्या होत्या.

नजीरभाईंनी वही उघडली, हात पुढे केला आणि आकडे सांगायला लागले. मी लिहीत होतो. चाळीस-पन्नास आकडे झाले असतील, तेव्हा माझा पेन थांबला. आत्ता कितीही आकडे घेतले तरी आत्ताची चूक जिरेल. पण ज्या आकड्याशी ते जुळवायचे, तो मातीच्या दिवशी घेतलेला. एकदाच. तो पाच मीटरांत कुठेही असू शकत होता आणि त्याची सरासरी आता कोणालाच काढता येणार नव्हती. उशीर होतोय म्हणून मी फेकलेल्या एका वाक्यावर हा माणूस इतके महिने उन्हात उभा होता. मला स्वतःची शरम वाटली, आणि तरी मी बोललो नाही. पुढचा आकडा लिहून घेतला.

दुपारी सरासरी निघाली. यंत्र हातात धरून ते पावलापावलानं सरकत गेले आणि थांबले. ती जागा दोन कबरींच्या मधे होती. त्यांनी सोबत आणलेला पाण्याचा कॅन उचलून सातही कबरींवर थोडं थोडं पाणी घातलं, आणि मधे बसून फातेहा वाचली. सातव्या कबरीपर्यंत कॅनमधलं पुरलं नव्हतं, म्हणून माझ्या बाटलीतलं मागून घेतलं होतं.

परतीच्या जीपमध्ये ते मागे बसले. यंत्र खिशातच होतं. ड्रायव्हरनं आरशातून विचारलंसुद्धा, चाचा, आज किती? त्यांनी ऐकलं नाही.

"मास्तर, तुमी मधात लिवाचं थांबले होते," ते म्हणाले. "तुमाले समजलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मले पह्यल्या वहीतच समजलं होतं. त्या दिवशी एकदाच दाबलं म्या बटन." मग म्हणाले, "पण पायरीवर उभं राहाले काहीतरी कारण पाह्यजे ना. नाहीतर सकाळी दुकानात जाऊन करू काय?"

अकोला आलं, गेलं. मूर्तिजापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वहीत लिहून ठेवलं असतं, पण भाच्याले मराठी वाचता येत नाही, म्हणून तुमाले सांगून ठेवतो. माहं झालं की मले तिथंच न्या." मग खिशातल्या यंत्रावरून एकदा हात फिरवून हळू आवाजात म्हणाले, "पाच मीटर इकडं-तिकडं झालं, तरी चालते."